शातो इंडेज

पुणे जिल्ह्यातील नारायणगाव (ता. जुन्नर) येथील वाइननिर्मिती संस्था. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातील पारंपरिक पद्धतीने भारतात फेसाळ वाइन तयार करण्यात ती अग्रणी होती. उद्योजक शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात ती उभारली. रँस येथील पायपर-हाइडसीक या शॅम्पेन उत्पादक कंपनीचे तांत्रिक साहाय्य तिला मिळाले. कंपनीचे नाव आधी शॅम्पेन इंडेज व पुढे इंडेज व्हिंटनर्स असे होते.

प्रदेश व द्राक्षे : पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगाव परिसरात खाण्याच्या द्राक्षांच्या, विशेषतः थॉमसन सीडलेसच्या, बागा आहेत. वाइनसाठी मात्र लहान मण्यांच्या, बियांच्या आणि रसात पुरेसे आम्ल असलेल्या जाती लागतात. त्यासाठी इंडेजने शार्दने, यूनी ब्लां यांसारख्या फ्रेंच जातींकडे लक्ष वळवले. दख्खनच्या उबदार हवेत वेल युरोपातल्यासारखी हिवाळी विश्रांती घेत नाही. त्यामुळे तिची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर फळ धरणाऱ्या काड्या तयार होतात, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फळछाटणीनंतर घड येतात. ते साधारण जानेवारी ते मार्च या काळात उतरवतात. ऊन वाढले की साखर चढते आणि आम्ल घटते. फेसाळ वाइनला आम्लाचा ताजेपणा आवश्यक असल्याने तिची द्राक्षे थोडी लवकर तोडावी लागतात. गुणवत्तेचा पहिला निर्णय असा बागेतच होतो.

निर्मितीची पद्धत : घड हलक्या दाबाने पिळून निघालेला रस आंबवला की साधी, बुडबुडे नसलेली वाइन मिळते. वेगवेगळ्या वाइनच्या मिश्रणात साखर व यीस्ट घालून बाटल्या बंद करतात. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण होते आणि त्यातून सुटणारा कार्बन डाय-ऑक्साइड वाइनमध्येच विरघळतो. आतील दाब ५ ते ६ वातावरणांपर्यंत जातो, म्हणून बाटली जाड काचेची असते. मृत यीस्टच्या गाळावर वाइन महिनोन्‌महिने मुरते, तेव्हा तिला भाजलेल्या पावासारखा गंध व मऊ पोत येतो. शॅम्पेन प्रदेशात बाटलीत किमान १५ महिने मुरवण्याचे बंधन आहे. नंतर बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या करून गाळ तोंडाशी आणतात, तो गोठवून काढतात, गरजेनुसार थोडी साखर मिसळलेली वाइन भरतात आणि बूच बसवतात. टाकीत वायू भरण्याच्या तुलनेत ही पद्धत महाग व वेळखाऊ आहे. पण बारीक, टिकाऊ फेस आणि खोल चव तिच्यामुळेच मिळते. उष्ण प्रदेशात तापमान-नियंत्रणाची जोड तिला अनिवार्य ठरते.

उत्पादने : ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन परदेशी बाजारात पोचली, तर ‘मार्कीज द पॉम्पादूर’ देशांतर्गत बाजारात परिचित झाली. ‘रिव्हिएरा’, ‘शांतिली’ यांसारख्या साध्या वाइनही संस्थेने काढल्या.

अखेर व महत्त्व : झपाट्याने विस्तार केल्यानंतर २००० च्या दशकाअखेरीस संस्था आर्थिक अडचणीत आली आणि तिचा कारभार कोसळला. तरी खाण्याच्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुलखात जागतिक दर्जाच्या पद्धतीने वाइन तयार होऊ शकते, हे तिने दाखवून दिले. १९९० च्या दशकाअखेरीस नाशिक परिसरात सुला विनयार्ड्ससारख्या संस्था पुढे आल्या आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. या वाटचालीत इंडेजचे स्थान आरंभकर्त्याचे आहे.