आठ पट पुरे

तोरणमाळच्या घाटात गळ्यात दुर्बीण अडकवून उभे राहिले की येणारा-जाणारा पहिला प्रश्न एकच विचारतो : "किती पावरची?" आठ म्हटले की त्याचा चेहरा उतरतो. बाजारात वीसची मिळते, तीसची मिळते, जत्रेतल्या दुकानात तर शंभराचा आकडा छापलेली मिळते; मग ही आठची कशाला घेतली? या विचारणाऱ्याला मी अडाणी समजत नाही. शहाद्याचा दुकानदार, तळोद्याचा महाविद्यालयीन मुलगा, पक्षिनिरीक्षणाला नव्याने लागलेला प्राध्यापक, सगळ्यांच्या मनात हेच पक्के बसलेले आहे की पट जितके जास्त तितकी दुर्बीण चांगली. ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत ज्यांच्याकडे पैसा कमी आहे तेच मोजतात. गेल्या हिवाळ्यात एका आश्रमशाळेच्या गुरुजींनी मुलांसाठी आठ हजारांत कोणती दुर्बीण घ्यावी असे मला विचारले, आणि शेजारी बसलेल्या चौघांनी एका सुरात "वीसची घ्या" असे सांगितले. त्या चौघांना मला तिथे जे पुरते सांगता आले नाही, ते इथे मांडतो.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. दुर्बिणीचे कामच मुळी लांबचे जवळ आणणे. जितके जवळ येईल तितका तपशील दिसेल. आपल्या सातपुड्यात तर हा तपशील फारच महत्त्वाचा, कारण इथला सर्वांत मोलाचा पक्षी रानपिंगळा, आणि गावातल्या साध्या पिंगळ्यापासून त्याला वेगळे काढायचे ते डोक्यावरच्या ठिपक्यांवरून. साध्या पिंगळ्याचे डोके पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले. रानपिंगळ्याचे जवळजवळ कोरे. ठिपका तो केवढा, दोन-तीन मिलिमीटरचा. एवढे बारीक पाहायचे तर आठ पटींनी कसे भागेल? त्यातून आठची आणि वीसची एकाच किमतीला मिळत असेल, तर कमी पटींची घेणे म्हणजे त्याच पैशात कमी माल घेणे.

युक्तिवाद नीट आहे, म्हणून उत्तरही हिशेबाने द्यायला हवे. निरोगी डोळा एका मीटरवरून साधारण ०.३ मिलिमीटरचा तपशील वेगळा ओळखतो. रानपिंगळा सागाच्या फांदीवर ३० मीटरवर बसला आहे असे धरा. आठ पटींच्या दुर्बिणीतून तो पावणेचार मीटरवर बसल्यासारखा दिसतो. तेवढ्या अंतरावरून डोळ्याला एक मिलिमीटरच्या आसपासचा तपशील दिसू शकतो. ठिपका त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठा. म्हणजे जो फरक ओळखायचा आहे त्याला आठ पट पुरून उरतात. वीस पटींनी हाच पक्षी दीड मीटरवर येईल हे खरे, पण ते कागदावर. हातात धरलेली दुर्बीण कधीच स्थिर नसते. श्वास चालू असतो, छातीचे ठोके चालू असतात, घाट चढून आलेल्याचे मनगट थरथरत असते. दुर्बीण पक्ष्याला जितके पट मोठे करते तितकेच पट ही थरथरही मोठी करते. वीस पटींत ठिपका मोठा होतो आणि नाचतो; नाचणारा ठिपका डोळ्याला रेघेसारखा दिसतो. हातात धरून वापरायच्या दुर्बिणीची मर्यादा आठ ते दहा पट अशी पडली आहे ती यामुळे.

दुसरा दोष याहून घातक. पट वाढले की दिसणारे वर्तुळ लहान होते. चांगल्या आठ पटींच्या दुर्बिणीतून हजार मीटरवर सुमारे १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. वीस पटींच्या साध्या दुर्बिणीतून ६० मीटरच्या आसपास. ३० मीटरवर त्याचा अर्थ असा : एकीत चार मीटरहून थोडे मोठे वर्तुळ, दुसरीत दोन मीटरहूनही लहान. क्षेत्रफळाने पाहिले तर चौपटीहून जास्त फरक. सागाच्या पानांत, सालईच्या फांद्यांत बसलेला २३ सेंटिमीटरचा पक्षी त्या लहान वर्तुळात सापडवायचा कसा? नुसत्या डोळ्याने दिसलेली फांदी दुर्बीण लावताच हरवते. आपण फांदी शोधत बसतो आणि तेवढ्यात पक्षी उडून जातो. माझी पहिली दुर्बीण वीसची होती. तिच्यातून मी दोन हिवाळे मुख्यतः पाने पाहिली.

आता उजेड. दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. पहिला आकडा पटींचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, २०×५० मध्ये अडीच. भर दुपारी डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते, त्यामुळे दुकानाच्या दारात उभे राहून पाहताना दोन्हींत फरक जाणवत नाही, आणि फसगत होते ती तिथेच. पण डोंगराच्या पश्चिम उतारावर सकाळी साडेसहाला दरी अजून सावलीत असते आणि बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत उघडलेली असते. त्या वेळी ८×४२ मधून दिसणारे चित्र २०×५० च्या सुमारे चौपट उजळ असते. पक्षी पाहायची वेळ तर तीच. नंतर उन्हे चढली की खडकांवरून तापलेली हवा उठते, आणि मोठे पट त्या थरथरत्या हवेलाच मोठे करून दाखवतात.

जिथे शिकार कायद्याने चालते त्या देशांत बंदुकीवर दुर्बीण बसवतात. तिथेही कित्येक दशके नेहमीची दुर्बीण चारच पटींची असे. आज सर्वांत खपणारी तीन ते नऊ पटींची, ४० मिलिमीटर भिंगाची. नेम धरणाऱ्यालाही आधी लक्ष्य सापडावे लागते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाट बंद केली, आणि ते योग्यच झाले. शोधण्याची गरज मात्र तीच राहिली.

या सगळ्यापेक्षा मोठा पुरावा आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या मातीत आहे, आणि तो आकड्यांचा नाही. रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळाला. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच. त्यानंतर खानदेशात ब्रिटिश मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागात काही नमुने टिपले. १८८४ नंतर पक्षी कुणाला दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मोजून सात कातडी उरली. मध्ये एक नोंद होती, १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांच्या नावावर. तिच्यावर विसंबून शोधणारे भलत्याच जागी फिरत राहिले. पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना क्ष-किरणांखाली तपासला तेव्हा उघड झाले की तो डेव्हिडसन यांचाच, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेला. खोटी नोंद बाजूला सारल्यावर शहादा-तळोद्याकडे पाहणे ओघानेच आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शहाद्याजवळच्या जंगलात आले. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. तिथे सकाळच्या लख्ख उजेडात, निष्पर्ण फांदीवर, ११३ वर्षांनी तो पक्षी बसलेला दिसला. आधी नजर गेली ती किंग यांची.

या प्रसंगाकडे बोट दाखवून पूर्वपक्ष म्हणेल, बघा, दुर्बीण होती म्हणूनच ओळखता आला. होती, आणि हवीच. पण ओळख कशाने पटली? रासमुसेन यांनी भारतात पाऊल ठेवण्याआधी संग्रहालयांतली कातडी हाताळली होती. कोरे डोके, पंख-शेपटीवरचे ठळक गडद पट्टे, पोटाचा खालचा मधला भाग बिनरेघांचा, पांढऱ्या पिसांनी झाकलेले आखूड जाड पाय, हे सगळे डोळ्यांपुढे पाठ होते. कुठे पाहायचे हे ज्याला ठाऊक असते त्याला थोडे पट पुरतात. ज्याला ठाऊक नसते त्याला साठ पटींतूनही पिंगळाच दिसतो. आमच्या सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा गुराखी नुसत्या डोळ्यांनी फांदीवरची हालचाल टिपतात आणि मग आपल्याला दुर्बीण कुठे रोखायची ते सांगतात. रानपिंगळा दिवसा हिंडणारा, उघड्यावर बसणारा, सरडे आणि उंदीर धरणारा पक्षी. त्याचा आवाजही साध्या पिंगळ्याहून वेगळा, आणि १९९७ नंतरच्या एक-दोन वर्षांत रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी त्या आवाजांचा अभ्यास मांडला. म्हणजे ओळखीची अर्धी वाट कानानेच चालली जाते. २०१८ मध्ये हा पक्षी अतिसंकटग्रस्त यादीतून संकटग्रस्त यादीत आला, कारण मेळघाट, यावल, खंडवा, तानसा अशा जागी तो सापडत गेला.

एक गोष्ट पूर्वपक्षाची मी मान्य करतो. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज झाल्यापासून पाण्याचा पसारा वाढला आहे. हिवाळी बदके पाण्याच्या मध्यावर, कधी अर्ध्या किलोमीटरवर बसतात. तिथे आठ पट अपुरे पडतात हे सरळ सांगितले पाहिजे. पण तिथेही उत्तर हातात धरायची वीसची दुर्बीण हे नाही. तिथे तिवईवर बसवायची एकनळी दुर्बीण लागते, वीस पटींच्या पुढची. तिवईशिवाय तिचा उपयोग नाही आणि तिवईसकट ती आश्रमशाळेच्या आठ हजारांत बसत नाही. कॅमेरा घ्यावा असेही म्हणणारे आहेत. पुराव्याला छायाचित्र उत्तम. पण पंधरा मुलांना आळीपाळीने पक्षी दाखवायचा असेल तर कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर ते जमत नाही.

आता पैशाचा प्रश्न. दुसरी एक समजूत शिकलेल्या मंडळींत आहे, की घ्यायची तर जर्मन किंवा ऑस्ट्रियन, लाखाच्या घरातली, नाहीतर घेऊच नये. ही पहिलीपेक्षा जास्त नुकसान करते, कारण ती माणसाला दुर्बिणीपासूनच दूर ठेवते. त्या महागड्या दुर्बिणी उत्तम असतात, यात शंका नाही. पण स्वस्त किमतीत कोणती घडण निवडावी याला एक चांगले उत्तर आहे. दुर्बिणी दोन घडणींच्या. एक सरळ नळ्यांची, सुटसुटीत, आजच्या पसंतीची. दुसरी जुनी, खांदे असलेली, पुढची भिंगे मागच्यांपेक्षा एकमेकांपासून जास्त लांब असलेली. सरळ नळीच्या आतल्या लोलकावर खास लेप नसेल तर चित्र धूसर येते, आणि तो लेप स्वस्त दुर्बिणीत बहुधा नसतो. खांदेवाल्या घडणीला त्या लेपाची गरजच नाही. म्हणून पाच ते दहा हजारांत खांदेवाली ८×४० किंवा ८×४२ घेतली तर त्याच किमतीच्या सरळ नळीपेक्षा चित्र स्वच्छ मिळते. ती जड असते, पाऊण किलोच्या आसपास, आणि बहुतेक वेळा जलरोधक नसते. पावसाळ्यात तोरणमाळच्या धुक्यात तिच्या भिंगांवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली तर कित्येक वर्षे टिकते.

भिंगांवरचा लेपही पाहायचा. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडले की एकतृतीयांश प्रकाश वाटेतच संपतो. लेपामुळे भिंगावर हिरवट किंवा जांभळट झाक येते. लालभडक, आरशासारखी चमकणारी भिंगे टाळावीत. ती लाल प्रकाश परत फेकतात आणि चित्र निळसर, मंद होते. पट कमी-जास्त करता येणाऱ्या स्वस्त झूम दुर्बिणीही नकोत. त्यांच्या दोन नळ्या एका रेषेत राहत नाहीत आणि अर्ध्या तासात डोके दुखू लागते.

गुरुजींना मी एवढेच सांगितले की दुकानाच्या आत पाहू नका. दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे रोखा. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचे एक वर्तुळ दिसेल. ते पूर्ण गोल असेल तर लोलक चांगल्या काचेचे. कडा कापल्यासारखी चौकोनी दिसली तर हलक्या काचेचे. मग रस्त्यावर येऊन पलीकडच्या विजेच्या तारेकडे पाहा, एक मिनिट, न हलता. तारेच्या दोन तारा दिसल्या किंवा डोळ्यांवर ताण आला तर परत द्या. चष्मा लावणाऱ्या मुलांना चष्म्यासकट पाहायला लावा. आणि संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी पुन्हा एकदा दुकानात जा, समोरच्या दुकानाची पाटी अंधुक उजेडात वाचता येते का ते पाहा, मगच पैसे द्या.

त्यांनी ८×४२ घेतली, खांदेवाली. डिसेंबरात मुलांना घेऊन शहाद्याच्या बाजूच्या सागवनात गेले. पहिल्या दिवशी पिंगळाच दिसला, भरपूर ठिपक्यांचा. एका मुलीने ते ठिपके मोजायला घेतले.