मोगलाईत राज्य कोणाचे?

‘ही काय मोगलाई लागून गेली आहे?’ असे मराठी माणूस वैतागून विचारतो तेव्हा त्याला म्हणायचे असते की इथे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. मोगलाई हे मुळात एका मुलखाचे नाव. पेशवाईच्या दप्तरात निजामाच्या ताब्यातल्या प्रांताला मोगलाई म्हणत, आणि औरंगाबाद, पैठण, जालन्याकडचा माणूस पुण्या-साताऱ्याला गेला की तो मोगलाईतला ठरे. प्रांताचे नाव अंदाधुंदीचे नाव होऊन बसले. यात शेजाऱ्याचा कुत्सितपणा बराच आहे आणि थोडे सत्यही आहे. अठराव्या शतकात औरंगाबादच्या सुभ्यात वरची सत्ता खरोखरच दुबळी होती. पण ती दुबळी असताना सारा वसूल होत होता, शिवेचे तंटे तुटत होते, ओस गावे पुन्हा वसत होती. हे कोण करत होते, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे: जे हे करत होते, त्यांना वरची सत्ता बळकट व्हावी असे वाटत होते का? माझे म्हणणे असे की वाटत नव्हते, आणि मोगलाई समजण्याची गुरुकिल्ली बरीचशी त्यातच आहे.

औरंगाबाद हे शहर काही कारभारशून्य रानात उभे राहिलेले नाही. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली ती पाण्याचे नळ, बाजार आणि सारापद्धती यांचा विचार करून. 1653 मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला, शहराला त्याचे नाव मिळाले, आणि त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने जमीन मोजून धारा बांधण्याचे काम हाती घेतले. पुढे 1682 मध्ये बादशाह म्हणून औरंगजेब इथे उतरला तेव्हा हिंदुस्थानातले सर्वांत मोठे सैन्य त्याच्याबरोबर होते. पंचवीस वर्षांनी तो मेला तेव्हा याच सुभ्यात मराठ्यांचे कारकून वसुलीला बसलेले होते. त्या काळचा इतिहासकार खाफी खान चिडून लिहितो की मराठ्यांनी बादशाही सुभ्यांत आपले सुभेदार, कमाविसदार आणि राहदार नेमले आहेत आणि गावोगावचे मुकादम त्यांना सामील आहेत. या तक्रारीत लुटीपेक्षा मोठी गोष्ट दडली आहे. लुटारू हुद्दे नेमत नाही. जो राहदार नेमतो तो रस्त्यावरच्या जकातीबरोबर रस्त्याची जबाबदारीही पत्करतो, निदान तोंडाने तरी.

ही दुहेरी व्यवस्था 1719 मध्ये कागदावर आली. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतला तो दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन. चौथाई म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. चौथाईच्या बदल्यात शाहू महाराजांनी पंधरा हजार फौज बादशाहाच्या चाकरीला ठेवायची, सरदेशमुखीच्या बदल्यात मुलखातल्या चोरांचा बंदोबस्त करायचा. मग चौथाईचीही वाटणी झाली. शंभरातले पंचवीस राजबाब्ती म्हणून छत्रपतींचे, सहा साहोत्रा म्हणून पंतसचिवांचे, तीन नाडगौडा म्हणून राजा देईल त्याचे, उरलेले सहासष्ट मोकासा म्हणून सरदारांचे. औरंगाबादच्या आसपासच्या एखाद्या गावाच्या पाटलाच्या दृष्टीने पाहा. त्याच्या दारी निजामाचा आमील येतो, मोकासदाराचा माणूस येतो, सरदेशमुखीचा कमाविसदार येतो, आणि प्रत्येकाजवळ शिक्कामोर्तब केलेला कागद आहे. गावाचा आकार किती, पेरा किती, पडीत किती, हे त्यांच्यापैकी एकालाही स्वतः ठाऊक नाही. ते आहे कुलकर्ण्याच्या रुमालात, आणि परगण्यापुरते देशपांड्याच्या दप्तरात. दोन राज्ये एकाच पिकावर उभी राहिली की दोघांनाही तिसऱ्याच्या हिशेबावर भरवसा ठेवावा लागतो. तो तिसरा या मुलखात वतनदार होता.

सरदेशमुखी या शब्दाकडे इतिहासाच्या पुस्तकांत पुरेसे लक्ष दिले जात नाही. देशमुख हा परगण्याचा वतनदार. वसुलीला मदत करायची, मुलूख आबाद ठेवायचा आणि त्याबद्दल उत्पन्नाचा वाटा घ्यायचा, हा त्याचा पिढीजात हक्क. शाहूंनी तोच हक्क सहा सुभ्यांच्या मापाचा करून मागितला, आणि बादशाहाने तो वतन म्हणूनच दिला. साम्राज्याशी तह करताना वापरलेली भाषा परगण्यातल्या कचेरीची होती. याचे नवल वाटायला नको. खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे, 1748 मध्ये वारलेल्या पहिल्या निजामाचीही आहे. तिथून घाट उतरला की वेरूळ, आणि वेरूळची पाटिलकी भोसल्यांच्या घराण्यात होती. डोंगरावर बादशाह आणि सुभेदार निजले आहेत आणि पायथ्याशी ते गाव आहे जिथल्या पाटलाच्या वंशाने त्यांच्या महसुलाचा तिसऱ्याहून मोठा हिस्सा वतनाच्या भाषेत मागून घेतला.

निजामाला हा व्याकरणाचा मुद्दा चांगला कळला होता. 1727 मध्ये त्याने चौथाई अडवली ती नाकारून नव्हे. त्याने म्हटले की साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी दोघेही छत्रपतिपद सांगतात. खरा हक्कदार कोण हे सुभेदार या नात्याने मी ठरवतो, मग पैसे देतो. भाऊबंदांच्या वतनाच्या तंट्यात सरकारने वाटे जप्त करून ठेवावेत, तसा हा डाव. थोरल्या बाजीरावाने त्याला उत्तर कचेरीत दिले नाही. 1728 च्या आरंभी वैजापूरजवळ पालखेडला त्याचे सैन्य पाण्यावाचून कोंडले, आणि 6 मार्च 1728 रोजी पैठणच्या शेजारी मुंगी-शेवगावला तह झाला. तहातली कलमे मात्र पुन्हा कचेरीचीच: चौथाई-सरदेशमुखी मान्य, हाकललेले कमाविसदार पुन्हा ठाण्यावर.

वर असा खेळ चालू असताना खाली न्याय कसा होत होता, हे महजरांतून दिसते. वतनाचा, वाटणीचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे: पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन आणि बलुतेदार. साक्षी होत, जुने कागद पाहिले जात, आणि निवाड्याच्या महजरावर सगळ्यांच्या निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगराची, इतरांच्या आपापल्या हत्यारांच्या. स्वतःच्या गोतावर विश्वास नसेल तर वादी परथळ मागे, म्हणजे तंट्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या ठिकाणची सभा. गोदावरीकाठचे पैठण हे असेच नावाजलेले थळ. धर्माच्या आणि प्रायश्चित्ताच्या प्रश्नांत तर तिथल्या ब्रह्मसभेचा निर्णय राज्यांच्या सीमा ओलांडून मानला जाई. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 मध्ये मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला तो अशाच महजरांच्या आधारावर, आणि त्यातून उठून दिसते ते हे की निकालाची ताकद शिपायात नव्हती. ती सह्या करणाऱ्यांच्या संख्येत होती. ज्या निवाड्यावर सगळ्या गावाची निशाणी आहे तो मोडणारा माणूस उद्या बलुते, पाणवठा, सोयरीक कशाच्या आधारावर मागणार? चोरीचेही तसेच. चोराचा माग ज्या गावच्या शिवेत शिरे त्या गावाने तो पुढे काढून द्यायचा, नाही तर नुकसान भरून द्यायचे. फौजदार नसलेल्या मुलखात गावालाच जामीन धरण्याची ही रीत होती.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग ही गावे म्हणजे छोटी गणराज्येच झाली. इंग्रज प्रशासक चार्ल्स मेटकाफने 1830 मध्ये तसेच लिहिले आणि पुढे कित्येक देशभक्तांनी ते वाक्य डोक्यावर घेतले. मला ते पटत नाही. वतनदार हा राज्याच्या पडझडीत गावाला सावरणारा तटस्थ पालक नव्हता. पडझड हा त्याचा धंद्याचा हंगाम होता. शिवाजी महाराजांनी वतनदारांचे हुडे-वाडे पाडायला लावले ते याच कारणाने. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटले आहे, म्हणजे भाऊबंद, वाटेकरी. त्यांना फार वाढू देऊ नये आणि नाहीसेही करू नये असा तिथला सल्ला आहे. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात हा तोल सुटला. जिंजीहून वतनांची आणि सरंजामांची खैरात झाली, दुसरीकडून मोगलही तेच देऊ लागले, आणि एकाच वतनावर दोन राजांच्या दोन सनदा ही नेहमीची गोष्ट झाली. आंद्रे विंक या इतिहासकाराने 1986 मधल्या पुस्तकात ‘फितवा’ ही त्या काळच्या राजकारणाची मुख्य रीत मानली ती यावरूनच. दोन धन्यांना दोन्ही बाजूंनी खेळवणाऱ्याला एकच बळकट धनी नको असतो. दोन्ही सरकारे वतनदाराकडे माहिती मागत राहिली, म्हणून स्वतःची माहिती जमवण्याची ताकद त्यांना आली नाही. आणि ती आली नाही म्हणून वतनदार अपरिहार्य राहिला. या चक्राला कारण आणि परिणाम अशी दोन वेगळी टोके नाहीत.

एक गोष्ट मात्र वतनदाराच्या हातात नव्हती, आणि ती म्हणजे कुणबी. जुलूम फार झाला की कुळे रातोरात शेजारच्या अमलात जात, गाव ओस पडे. मग पाटलाला आणि सरकारला कौल लिहून द्यावा लागे: परत या, पहिल्या वर्षी अमुक सारा, पुढे दरसाल थोडा चढता. याला इस्तावा म्हणत. दोन राज्यांच्या सरहद्दीवरच्या मुलखात जायला जवळ जागा होती, म्हणून रयतेच्या पायांना किंमत होती. मोगलाईच्या अंदाधुंदीत सामान्य शेतकऱ्याच्या पदरी पडलेला नफा असेल तर तो हाच.

पण ज्याला जाता येत नव्हते त्याचे काय? शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष प्रमाण मानत. शीव कुठून कशी गेली ते तोच जाणे. बेदरच्या बादशाहाने दिलेल्या बावन्न हक्कांची परंपरा महार समाजात सांगितली जाई. गावाच्या चतुःसीमा ज्याच्या शब्दावर उभ्या, त्याला मात्र गावाच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नसे. वर राजा बदलला म्हणून यात फरक पडत नव्हता. उलट गाव आपल्या भरवशावर जितके जास्त चाले, तितकी ही चौकट घट्ट होई, कारण निकालाची अंमलबजावणीच बहिष्काराच्या भीतीवर होती. गोतसभेचे बळ आणि अस्पृश्यतेचे बळ एकाच मुळातून येत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मेटकाफचे हेच गणराज्य समोर घेऊन त्याची चिरफाड केली आणि राज्यघटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे याबद्दल समाधान व्यक्त केले. दोनच वर्षांनी त्यांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले ते याच औरंगाबादेत, गावगाड्यातून सुटून येणाऱ्या मुलांसाठी.

उलट बाजूचाही एक आक्षेप आहे: हे सगळे कागदी आहे, प्रत्यक्षात त्या काळी लूट आणि उपासमार होती. तेही खोटे नाही. 1803 मध्ये असईच्या लढाईच्या आगेमागे शिंदे, होळकर आणि इंग्रज यांच्या फौजा या पट्ट्यातून गेल्या, पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला, आणि गावेच्या गावे उठली. चालत्या फौजेपुढे महजर काय करणार? गोताची व्यवस्था माणसांमधले तंटे मिटवू शके, हजारो घोड्यांची वैरण देऊ शकत नसे. सातमाळ्याच्या डोंगरातल्या भिल्लांचीही हीच कथा. ते खालच्या गावांचे जागले, गस्तीबद्दल ठरलेला हक्क घेणारे. गावे उजाड झाली, हक्क बुडाले, आणि राखणदारच वाटा अडवू लागले. डोंगरापलीकडे खानदेशात 1825 मध्ये इंग्रज अधिकारी आउट्रमने भिल्लांची पलटण उभारली. नव्या सरकारने जुन्याच राखणदाराला पगार सुरू केला, एवढाच त्याचा अर्थ.

मोगलाईतला यापुढचा टप्पा अधिक उतरणीचा आहे आणि त्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. कर्जात बुडालेल्या निजाम सरकारने वसूल मक्त्याने द्यायला सुरुवात केली, अरब आणि रोहिले सावकाराच्या वतीने दारात बसू लागले. 1830 च्या दशकात पेस्तनजी या पारशी पेढीला वऱ्हाडातले महाल तर मिळालेच, औरंगाबादची टाकसाळही मिळाली. तिथे पडलेला रुपया पेस्तनशाही म्हणून ओळखला जाई. नाणे पाडणे ही सत्तेची शेवटची निशाणी, तीसुद्धा सावकाराच्या नावाने. 1853 मध्ये दिवाण झालेल्या सालारजंगाने हे मोडायला घेतले, 1865 मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्हेवार मांडणी, केली, पगारी तालुकदार नेमले, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. मोजणीचा नकाशा सरकारी कचेरीत आला त्या दिवशी देशपांड्याचे दप्तर निरुपयोगी ठरले. देशमुख-देशपांड्यांना रुसूम बांधून देऊन घरी बसवण्यात आले. शंभर लढायांनी जे झाले नाही ते साखळीने आणि शंकूने केले.

तरीही एका जागी जुनी रीत टिकली. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदी शोधत फिरली, आणि 2 सप्टेंबर 2025 रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटिअरच्या आधाराने मराठा अर्जदारांना कुणबी प्रमाणपत्रे देण्याबाबतचा निर्णय काढला. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्यासाठी तिथे गावपातळीवरची समिती आहे, स्थानिक चौकशी आहे, आणि त्याच गावातल्या किंवा कुळातल्या नातेवाइकाने आपण एकाच कुळाचे आहोत म्हणून करून द्यायचे प्रतिज्ञापत्र आहे. सरकारी दप्तर जिथे संपते तिथे आजही गोताची साक्ष मागितली जाते. फक्त नांगराच्या निशाणीऐवजी आता प्रतिज्ञापत्रावर सही घेतात.