बिदरच्या हवाई अंतराची कुळकथा

बंगळूर ते बिदर हे हवाई अंतर सुमारे ५२० किलोमीटर असून सडकेने तेच सातशेच्या घरात जाते. यांपैकी पहिला आकडा वाट चालून मिळालेला नाही, तर दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीचा आकार यांवरून गणिताने काढलेला आहे. दख्खनेत या गणिती मोजणीआधी कोस आणि मजल चालत. कोसाची लांबी मुलखागणिक बदलत असे, आणि मजल म्हणजे तांड्याने अथवा फौजेने एका दिवसात काटलेली वाट, म्हणजे मुळात काळाचेच माप.

सरळ रेषेतल्या अंतराचा पाया विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश सर्वेक्षकाने घातला. त्याने १८०० साली बंगळूरजवळ आधाररेषा, म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवर अत्यंत काटेकोरपणे मोजलेली आणि पुढील सर्व त्रिकोणांच्या बाजू जिच्यावरून गणिताने निघतात अशी रेषा, पोलादी साखळीने मोजली. ही साखळी चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेलेली होती आणि तिकडे नाकारली गेल्यामुळे हिंदुस्थानात आली होती. उष्णतेने पोलाद वाढते म्हणून साखळीशेजारी तापमापक ठेवून प्रत्येक मापात दुरुस्ती करावी लागे. नंतर ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास त्याने त्रिकोणांची माळ उत्तरेकडे नेली आणि १८१५ मध्ये, तेव्हा निजामाच्या मुलखात असलेल्या बिदरजवळ, दामरगिडा या ठाण्यापाशी नवी आधाररेषा मोजली. पुढे लॅम्बटनचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याच्या देखरेखीखाली १८४१ मध्ये बिदरची रेषा पुन्हा मोजण्यात आली. या वेळी साखळीऐवजी पितळ आणि लोखंड यांच्या जोडपट्ट्या होत्या, ज्यांतील एका धातूची वाढ दुसऱ्याच्या वाढीने निष्प्रभ होई.

अशा मापांवरून एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर ठरवली होती. आजची उपग्रहाधारित प्रणाली ती ६३,७८,१३७ मीटर मानते. बंगळूर-बिदर अंतरात या बदलाने शंभर मीटरचाही फरक पडत नाही, ही त्या साखळीवाल्यांची थोरवी मान्य करावी लागते.

वैमानिक मात्र अंतर सागरी मैलात मोजतात, आणि हा मैल अक्षांशाच्या एका कलेवरून, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागावरून, आलेला असून १९२९ मध्ये तो १८५२ मीटर असा पक्का झाला. बंगळूरचा विमानतळ १३.२ आणि बिदरचा १७.९ अंश उत्तरेला आहे, व दोन्ही जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असल्याने ४.७ अंशांचे २८२ सागरी मैल तोंडीही होतात.

बिदरचा तळ हवाई दलाचा. तेथून नागरी उड्डाण ७ फेब्रुवारी २०२० रोजी एटीआर या पंख्याच्या विमानाने सुरू झाले. उड्डाणाची वेळ अंतराइतकी स्थिर नसते, कारण धावपट्टीवरची प्रतीक्षा, चढण, उतरण आणि विमानाची जात या सगळ्यांचा हिशेब तीत येतो. वाऱ्याचा भाग मात्र येथे तुलनेने कमी राहतो, कारण पूर्व-पश्चिम वाहणारा वारा या उत्तर-दक्षिण मार्गाला आडवा लागतो आणि जाण्या-येण्याच्या वेळांत मुंबई-कोलकाता मार्गासारखी तफावत पडत नाही.