मॉडेल रेल्वेसाठी डिजिटल कंट्रोलर घेताय? आधी अँपिअरचा हिशोब करा

सिडकोतल्या घरी, गच्चीवरच्या खोलीत 8 बाय 4 फुटांच्या प्लायवर मी पहिला लेआउट मांडला, तेव्हाची गोष्ट. एक इंजिन मस्त पळत होतं. दुसरं ठेवलं, तेही पळालं. मग दुसऱ्या इंजिनाला सहा डब्यांची जुनी पॅसेंजर जोडली आणि सगळंच बंद! कंट्रोलरवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मला वाटलं पीस खराब आला. पीस ठणठणीत होता. मीच 1 अँपिअरचा कंट्रोलर घेतला होता आणि त्याच्याकडे मागत होतो जवळजवळ दीड.

तुमचं असं होऊ नये म्हणून आधी हे समजून घ्या. साध्या, म्हणजे डीसी कंट्रोलरमध्ये नॉब फिरवला की रुळातला व्होल्टेज कमी-जास्त होतो आणि त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदम हळू किंवा जोरात जातात. डिजिटल पद्धतीत, म्हणजे डीसीसीमध्ये, रुळात पूर्ण व्होल्टेज कायम चालू असतो. एचओ स्केलला (1:87) तो साधारण 15 व्होल्ट ठेवतात. या व्होल्टेजची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते आणि त्यातूनच हुकूम जातात. प्रत्येक इंजिनात एक डिकोडर असतो, त्याला स्वतःचा नंबर असतो. घरातल्या वायफायसारखंच आहे हे: राउटर सगळ्यांसाठी बोलतो, पण प्रत्येक फोन आपल्यापुरतंच उचलतो. फक्त इथे डेटाबरोबर वीजही त्याच दोन रुळांतून सगळ्यांना वाटली जाते. म्हणून अँपिअर महत्त्वाचे.

फोनच्या चार्जरवरून बघा. 5 व्होल्ट 3 अँपिअरचा चार्जर छोट्या इअरबड्सना लावला तरी ते जळत नाहीत, कारण ते हवा तेवढाच करंट ओढतात. कंट्रोलरवर लिहिलेले 3 अँपिअर म्हणजे "इतका देऊ शकतो", "इतका ढकलणारच" असं नाही.

आता हिशोब. आजकालचं एचओ इंजिन चालताना साधारण पाव ते अर्धा अँपिअर घेतं. चढावर किंवा लांब गाडी ओढताना थोडं जास्त. आवाजाचा डिकोडर असेल तर आणखी जरासं धरा. जुनी इंजिनं मात्र खादाड असतात, एखादं एकटंच 1 अँपिअरच्या जवळ जातं. तुमच्या कपाटात किती इंजिनं आहेत ते मोजू नका. एकाच वेळी रुळावर किती धावणार ते मोजा.

आणि डबे विसरू नका, मी नेमकं तेच विसरलो होतो. जुन्या डब्यांतला छोटा बल्ब सुमारे 50 मिलिअँपिअर घेतो. डब्यात दोन बल्ब, डबे सहा, म्हणजे 0.6 अँपिअर फक्त दिव्यांना! डीसीसीमध्ये गाडी उभी असली तरी ते पेटलेलेच राहतात. दोन इंजिनांचे 0.8 त्यात मिळवा, 1.4 झाले. मी नंतर सगळे बल्ब काढून एलईडी लावले. तिथेच अर्धा प्रश्न सुटला, नवीन कंट्रोलर न घेता.

सांधे बदलणाऱ्या मोटरी शक्यतो वेगळ्या सप्लायवर ठेवा. कॉइलवाली मोटर क्षणभरासाठी काही अँपिअर खेचते. तेवढ्यात कंट्रोलर ट्रिप होतो आणि स्टेशनात शिरणारी गाडी अडकते.

जी बेरीज येईल त्यावर तीसेक टक्के जास्त धरा. आवाजाच्या इंजिनांतले कपॅसिटर चालू होताना एकदम करंट ओढतात, शिवाय आपल्याकडे मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या खोलीत इलेक्ट्रॉनिक्स आधीच तापलेलं असतं. कंट्रोलर बंद कपाटात ठेवू नका.

मग थेट 8 अँपिअरचाच घेऊन टाकू? नको. इथे चार्जरचं उदाहरण तुटतं. चार्जरची टोकं सहसा उघडी नसतात, रूळ मात्र पूर्ण उघडे असतात. डबा घसरला, स्क्रूड्रायव्हर पडला की शॉर्ट. 15 व्होल्टला 8 अँपिअर म्हणजे 120 वॅट. आपलं नेहमीचं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं! एवढी उष्णता एखाद्या चाकात किंवा फिशप्लेटमध्ये साठली तर प्लास्टिकचे स्लीपर वितळतात, डिकोडर जातो, वाईट दिवस असेल तर प्लायला डाग पडतो.

"पण कंट्रोलर शॉर्ट झाला की बंद होतो ना?" होतो, पण त्याला शॉर्ट कळला तर. 5 अँपिअरचा कंट्रोलर, बारीक वायर आणि सैल फिशप्लेट अशी जोडी असली तर शॉर्टमध्येही करंट 4 वरच अडकतो. कंट्रोलरला वाटतं, बऱ्याच गाड्या चालल्यात. तो 60 वॅट ओतत राहतो.

म्हणून वायर. प्लायखालून 1.5 चौरस मिलिमीटरची, घराच्या वायरिंगची तांब्याची वायर फिरवा आणि दर तीन-चार फुटांवर छोट्या वायरीने रुळाला जोड द्या. पाच मीटर लांब जाऊन परत यायचं, म्हणजे दहा मीटर वायर: 0.5 ची असेल तर 3 अँपिअरला एक व्होल्टहून जास्त वायरीतच संपतो, 1.5 ची असेल तर साधारण 0.36. कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते.

मग नाण्याची परीक्षा. रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा, लेआउटच्या प्रत्येक कोपऱ्यात. दर वेळी कंट्रोलर लगेच ट्रिप झाला पाहिजे. जिथे होत नाही, तिथे आणखी एक जोड द्या. ही परीक्षा पास होईपर्यंत गाडी चालू ठेवून खोलीबाहेर जाऊ नका.

घरगुती एचओ लेआउटला माझ्या मते 2 ते 3 अँपिअर पुरतात. एनसीईचा पॉवर कॅब साधारण 2 अँपिअरचा आहे, रोकोचा झेड21 सुमारे 3 चा आणि तो फोनच्या ॲपवरून चालतो. खिसा हलका असेल तर डीसीसी-ईएक्स बघा: आर्डुइनो मेगा, त्यावर मोटर शील्ड आणि मोफत सॉफ्टवेअर. वायफायची जोड दिली की अँड्रॉइडवरचं एंजिन ड्रायव्हर ॲप तुमचा कंट्रोलर होतं. मात्र नेहमीची मोटर शील्ड कागदावर 2 अँपिअरची असली तरी गरम होते, दीडच्या आत ठेवा. एन स्केलवाल्यांना (1:160) तर एवढंही पुष्कळ.

पुण्यात कोथरूडला, 1 एप्रिल 1998 रोजी सुरू झालेलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. तिथे एका वेळी इतक्या गाड्या धावताना बघून परतलो की मोठाच कंट्रोलर हवासा वाटतो. पण तुमचा लेआउट खरोखर वाढला तर एक मोठा कंट्रोलर घेण्यापेक्षा रुळाचे भाग पाडून प्रत्येकाला वेगळा बूस्टर द्यावा. एका भागात शॉर्ट झाला तरी बाकीच्या गाड्या चालू राहतात.

मोजायचं कसं? रुळावर साधा मल्टीमीटर लावलात तर आकडे चुकीचे दिसू शकतात, कारण तो इतक्या वेगाने उलटणाऱ्या करंटसाठी बनलेला नसतो. मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून अडॅप्टर आणि कंट्रोलरच्या मधे, डीसी बाजूला जोडा. झेड21 च्या ॲपमध्ये करंट थेटच दिसतो.

आणि परदेशातून कोणी कंट्रोलर आणत असेल तर अडॅप्टरचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका. त्यावर 100–240 व्होल्ट लिहिलेलं असेल तर चालेल. फक्त 120 असेल तर तो आपल्या 230 वर पहिल्याच मिनिटात जाईल. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा अडॅप्टर इथे घ्या, पिनची पोलॅरिटी तपासून.