इंजिनाचा आवाज लहान का होत नाही?

मागच्या महिन्यात एम.एस्सी.च्या दोघांनी मला गाठून विचारलं, "ताई, संशोधनाला प्रश्न सापडतो कुठे?" मी उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांना एक गणित घातलं. तेच आज तुम्हाला घालते. वही-पेन घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ साली सुरू झालेलं. शाळेत असताना तिथे गेले होते तेव्हा मला गाड्यांपेक्षा आवाजाचं कुतूहल जास्त वाटलं. या छंदात जगभर सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे १:८७. खऱ्या इंजिनाची प्रत्येक लांबी ८७ ने भागायची. आता समजा, खऱ्या शिट्टीचा सूर ३०० हर्ट्झचा आहे. शिट्टीची लांबी ८७ पट कमी केली तर वारंवारता ८७ पट वाढते, म्हणजे २६,१०० हर्ट्झ. माणसाला जेमतेम २०,००० पर्यंत ऐकू येतं. म्हणजे तंतोतंत प्रमाणात बनवलेली शिट्टी तुम्हाला ऐकूच येणार नाही! घरातलं मांजर मात्र दचकेल.

आता दुसरा भाग. वाफेच्या इंजिनाची ती झुकझुक. दोन सिलिंडरच्या इंजिनात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ काम करते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे येतात. आपल्या डब्ल्यूपी इंजिनाचं मोठं चाक साधारण १.७ मीटर व्यासाचं. ताशी ६० किलोमीटरला ते सेकंदाला ३.१ फेरे घेतं, म्हणजे साधारण साडेबारा फुसकारे. मॉडेलमध्ये चाक २ सेंटिमीटरचं आणि वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर. फेरे मोजा. पुन्हा ३.१ च.

थोडक्यात, सूर लहान होतो, पण ठेका होत नाही. ज्यांनी छोट्या गाडीला आवाज द्यायचा प्रयत्न केला त्या सगळ्यांचा इतिहास या एका वाक्यात बसतो. कोणी सुरामागे लागलं, कोणी ठेक्यामागे.

पहिली मोठी उडी सुराची. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने १९३५ मध्ये इंजिनामागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यात, खरीखुरी हवेची शिट्टी बसवली. एक छोटी मोटर, तिच्यावर पंखा आणि पंख्याची हवा फुंकून वाजणारी पेटी. इथे प्रमाणबिमाण बाजूला ठेवलं होतं. टेंडरमध्ये मावेल तेवढी मोठी पेटी, कारण खालचा सूर हवा तर जागा लागतेच. पण मला यातली खरी कमाल वाटते ती शिट्टीला हुकूम देण्याची. रूळ दोनच प्रकारची वीज देऊ शकत होते आणि गाडी तर आधीच एसीवर धावत होती. मग त्यांनी त्याच एसीवर थोडी डीसी चढवली. मोटरला फारसा फरक पडत नाही, पण टेंडरमधला रिले ती डीसी ओळखतो आणि शिट्टीचा पंखा सुरू करतो. एकाच तारेवरून शक्तीही आणि निरोपही. तुमच्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. वाटायलाच हवं, कारण पुढची सगळी गोष्ट याच कल्पनेची वाढ आहे.

ठेकेवाल्यांचे सुरुवातीचे उपाय गमतीचे होते. ब्रिटनमध्ये १९७० च्या आसपास ट्रायअँग-हॉर्नबीने टेंडरमध्ये खरखरीत पृष्ठभागावर घासणारी पट्टी बसवली. चाक फिरलं की घासलं, घासलं की फुस्स. हसू नका, तत्त्व पक्कं आहे. आवाज थेट चाकाला बांधलेला असल्यामुळे ठेका चुकायचा प्रश्नच नव्हता. फक्त तो आवाज इंजिनापेक्षा सुताराच्या दुकानाच्या जास्त जवळचा.

दोघांना एकत्र आणायचा पहिला गंभीर प्रयत्न पॅसिफिक फास्ट मेलचा. पितळी मॉडेल विकणारी ही अमेरिकन कंपनी १९७० च्या दशकात एक संच घेऊन आली. आवाज तयार व्हायचा गाडीबाहेर, टेबलावरच्या खोक्यात. तो रुळांमधून इंजिनातल्या स्पीकरपर्यंत जायचा. आणि इंजिनाच्या आसावर बसवलेला संपर्क चाकाच्या दर पाव फेऱ्याला खोक्याला कळवायचा, "आता फुसकार." म्हणजे निरोप दोन्ही दिशांनी.

डिजिटल काळ तुम्हाला माहीत असेल, म्हणून भराभर सांगते. १९८९ मध्ये लायोनेलने रेलसाउंड्स आणलं, चिपमध्ये साठवलेले आवाज. जर्मनीत बर्न्ड लेन्झ यांच्या कामातून डीसीसी आलं आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेने ते सामायिक मानक म्हणून स्वीकारलं. रुळांवर सतत चौकोनी लहर. तिचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो एक, १०० किंवा जास्त असेल तर शून्य. पुन्हा तेच, एका तारेवर शक्ती आणि निरोप. मग साउंडट्रॅक्स, ईएसयू वगैरेंनी इंजिनातच मावणारे आवाजाचे डिकोडर आणले. मोबाइलसाठी बनलेले साखरेच्या खड्यांएवढे स्पीकर आले, तेही बंद पेटीत बसवलेले, कारण उघड्या स्पीकरच्या मागची लहर पुढच्या लहरीला खाऊन टाकते. चाकावरचा संपर्कही अनेकांनी काढून टाकला. फिरती मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, तो मोजला की वेग कळतो आणि वेगावरून ठेका. सोयीचं आहे, पण दर इंजिनाला नीट जुळवावं लागतं, नाहीतर हळूहळू फुसकारा चाकापासून सुटत जातो. माझं मत विचाराल तर आसावरचा साधा संपर्क यापेक्षा प्रामाणिक होता.

इथपर्यंत ही यशाची गोष्ट आहे. सुरूही जुळला, ठेकाही. पण एक प्रश्न राहतो: चिपमध्ये जो आवाज आहे, तो कोणत्या इंजिनाचा, आणि कधीचा?

ब्रिटनमध्ये मुख्य मार्गांवरची वाफ ऑगस्ट १९६८ मध्ये संपली. त्याआधी पीटर हँडफर्ड नावाचा ध्वनिमुद्रक यंत्रं घेऊन स्टेशनांवर आणि चढणींवर जात होता. हाच माणूस पुढे 'आउट ऑफ आफ्रिका'च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळवणार होता. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक रात्रीच्या फोटोंसाठी प्रसिद्ध, पण त्यानेही नॉरफोक अँड वेस्टर्नच्या इंजिनांचे आवाज टिपले आणि १९५७ पासून त्यांच्या रेकॉर्डी काढल्या. या मुद्रणांत इंजिन खरंच राबतंय. मागे जड गाडी आहे, समोर चढ आहे.

पण डिकोडरला असं मुद्रण चालत नाही. त्याला प्रत्येक फुसकारा वेगळा हवा, शिट्टी वेगळी, पंप वेगळा, आणि मागे पक्षी, माणसं, डब्यांचा खडखडाट काही नको. असं स्वच्छ मुद्रण करायचं तर इंजिन तुमच्या सोयीने उभं राहायला, पुढे-मागे व्हायला हवं. म्हणजे जतन केलेलं इंजिन. ब्रिटनमधल्या जतन केलेल्या मार्गांवर वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी २५ मैलांची असते आणि मागे पर्यटकांचे मोजके डबे. अशा इंजिनाचा फुसकारा मऊ असतो. तोच आवाज आपण छोट्या रुळांवर बारा डब्यांच्या एक्स्प्रेसला लावतो आणि म्हणतो, काय हुबेहूब आहे! चांगले डिकोडर मोटरवरचा भार ओळखून आवाज जाड-बारीक करतात, हे खरं. पण मुळात न टिपलेला भार सॉफ्टवेअर कुठून आणणार?

आता माझी गोष्ट. माझा विषय आवाजावरून बेअरिंगचा बिघाड ओळखण्याचा. पहिले आठ महिने मी प्रयोगशाळेतल्या स्टँडवर मुद्रणं केली. खोली शांत, माइक चांगला, आलेख असे सुंदर की मी ते आईलाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. मग एका पाणीपुरवठ्याच्या पंपावर तीच पद्धत लावली आणि तिने चांगल्या बेअरिंगला खराब ठरवलं, खराबला चांगलं. दोन आठवडे मी माइक, फिल्टर, कोड सगळं तपासलं. शेवटी सरांकडे गेले. त्यांनी आलेख बघितलेही नाहीत. फक्त विचारलं, "तुझं मशीन तेव्हा काही काम करत होतं का गं?"

करत नव्हतं. स्टँडवर मोटर मोकळी फिरत होती. भार शून्य.

त्या रात्री हॉस्टेलवर मी डिकोडरच्या आवाजांचे व्हिडिओ एकामागून एक ऐकत बसले, आणि त्यानंतर लिंकचं एक जुनं मुद्रण. फरक कानाला लगेच कळत होता. एवढ्या महिन्यांत मी तो माझ्याच फाइलींत ऐकला नव्हता, कारण मी फक्त आलेख बघत होते.

प्रबंधातलं ते प्रकरण काढावं लागलं. पुढचा उन्हाळा पंपहाउसमध्ये गेला, कानात कापसाचे बोळे घालून. तिथला ऑपरेटर काका रोज विचारायचा, "अजून किती ऐकायचंय बाई?" आता माझ्या प्रत्येक फाइलच्या नावात तारखेच्या आधी भाराचा आकडा असतो. जुनी आठ महिन्यांची मुद्रणं मी पुसलेली नाहीत. 'बिनभार' नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. कोणाला हवी असतील तर मागा, पण नाव बदलू नका.