विहिरीच्या पलीकडची वीट

साहित्याच्या अभ्यासकांपुढे घराच्या मोरीचा आणि सांडपाण्याच्या वाहिनीचा इतिहास मांडावा, यात काहींना औचित्यभंग वाटण्याचा संभव आहे. पण व्हिक्टोरियन इंग्लंडचे साहित्य शिकवताना आपण धुके, कोळसा, अनाथालये आणि कर्जबाजाऱ्यांचे तुरुंग यांविषयी जितके बोलतो, त्याच्या शतांशानेही जमिनीखालच्या नळांविषयी बोलत नाही. वास्तविक चार्ल्स डिकन्सचे मेहुणे हेन्री ऑस्टिन हे आरोग्य-अभियांत्रिकीतलेच गृहस्थ. सरकारी आरोग्य मंडळाचे ते सचिव होते. स्वतः डिकन्सने १८५० आणि १८५१ साली लंडनच्या आरोग्यसुधारणेसाठी चाललेल्या संस्थेच्या व्यासपीठावरून भाषणे केली. त्या काळच्या लेखकाला गटार हा विषय परका नव्हता. परका झाला तो आपल्याला.

ज्या एका प्रकरणामुळे घरगुती मैलावाहिनीची तपासणी हे शास्त्र होऊ शकते असे दिसून आले, ते लंडनच्या सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटचे. १८५४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या रात्री तेथे पटकी उसळली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांच्या घरांची चौकशी करून रस्त्यावरच्या सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. ही कथा आता शालेय पुस्तकांतही आढळते. स्नो यांचा नकाशा तर सर्वत्र छापला जातो. कथा मात्र बहुधा येथेच थांबवली जाते, आणि आमच्या मते तिचा खरा गाभा त्यानंतरच सुरू होतो.

कारण दांडा काढल्याने काहीच सिद्ध झाले नव्हते. साथ तोवर ओसरू लागली होती. भेदरलेले लोक मोहल्ला सोडून गेले होते. पाणी दूषित होते असे म्हणायचे, तर ते दूषित झाले कसे, या प्रश्नाला स्नो यांच्यापाशी उत्तर नव्हते. वर्षाच्या अखेरीस विहीर उघडून आतून पाहण्यात आली. विटांचे बांधकाम शाबूत दिसले; कोठे भगदाड नाही, फट नाही. तपासणारे निःशंक मनाने परतले. आतून पाहिलेली भिंत पलीकडच्या बाजूने कशी आहे हे आतून कळत नसते, इतकी साधी गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही.

ती ध्यानात आणून दिली एका पाद्र्याने. हेन्री व्हाइटहेड हे बेरविक स्ट्रीटवरच्या सेंट ल्यूक चर्चचे तरुण साहाय्यक धर्मोपदेशक. मोहल्ल्यातली घरे आणि माणसे त्यांच्या पायाखालची. स्नो यांचा सिद्धान्त त्यांना मुळीच पटला नव्हता. तो खोडून काढावा म्हणूनच त्यांनी घरोघर पुन्हा फिरून चौकशी आरंभली. एकेका घरी चार-चार, पाच-पाच खेपा घातल्या. आणि जसजसे उत्तरे लिहून घेत गेले, तसतसा त्यांचा विरोध गळत गेला. प्रतिपक्षाचे मत खोडायला बसावे आणि आपल्याच टिपणांनी आपला पराभव करावा, हे ज्याला मोकळ्या मनाने सोसता येते असा संशोधक विरळा.

१८५५ च्या वसंतात मृत्यूंच्या नोंदवहीत व्हाइटहेडना एक ओळ आढळली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या चाळीस क्रमांकाच्या घरातली पाच महिन्यांची मुलगी २ सप्टेंबरला वारली होती. कारण लिहिले होते, जुलाबांनी आलेली ग्लानी, आणि जुलाब मृत्यूच्या चार दिवस आधी सुरू झालेले. मृत्यूची तारीख साथीच्या भराची असल्याने ही नोंद इतरांसारखीच एक म्हणून सर्वांनी वाचून सोडून दिली होती. ‘चार दिवस आधी’ हे शब्द मात्र कोणी मोजले नव्हते. मोजले की दिसते, मुलीचे दुखणे साथीच्या आधीचे आहे. आणि चाळीस क्रमांकाचे घर म्हणजे ज्याच्या दारातच तो पंप उभा होता ते घर. व्हाइटहेड त्या मुलीच्या आईला जाऊन भेटले. दुपट्यांचे धुतलेले पाणी आपण घरापुढच्या तळघरातल्या मैल्याच्या खड्ड्यात ओतत होतो, असे तिने सांगितले.

आता उकरणे भाग होते. स्थानिक चौकशी समितीचे सचिव यॉर्क हे पेशाने सर्व्हेअर. त्यांनी एप्रिल १८५५ मध्ये त्या घराची मोरी, खड्डा आणि विहिरीची बाहेरची बाजू अशी तिन्ही खणून काढली. त्यांच्या अहवालाची भाषा कोरडी आहे, आणि तिच्या कोरडेपणातच तिची भयानकता आहे. घरातून रस्त्यावरच्या मुख्य गटाराकडे जाणारी वाहिनी जुन्या पद्धतीची: तळ सपाट, रुंदी बारा इंच, बाजूंना विटा, वर दगडी लाद्या. उतार नावापुरता. सपाट तळावर थोडे पाणी पसरून पातळ होते, त्याचा वेग मरतो आणि ते मळ पुढे ढकलू शकत नाही. तोच मळ तळाशी बसतो. तो गाळ खरवडल्यावर दिसले की सांध्यांतला चुना पार कुजून गेला आहे. विटा जागच्या जागी होत्या, पण त्यांना धरून ठेवणारे काही उरले नव्हते. वाहिनीची चाळण झाली होती. खड्ड्याची रचनाही सदोष. पुढे जायचे ते तो अडवून धरीत होता आणि बाजूंनी झिरपू देत होता. खड्ड्याच्या विटांपासून विहिरीच्या विटांपर्यंतचे अंतर भरले दोन फूट आठ इंच. मधली जमीन दलदलीसारखी झाली होती, आणि खड्ड्याच्या विटा हाताने सुटून येत होत्या.

या प्रकरणात आणखी एक काळजाचा ठोका चुकवणारी तारीख आहे. त्या मुलीचा बाप पोलीस शिपाई होता. त्याला पटकीने गाठले ते ८ सप्टेंबरला, म्हणजे ज्या दिवशी पंपाचा दांडा निघाला त्याच दिवशी. पुढे तो वारला. त्याचेही सारे त्याच खड्ड्यात गेले असणार. दांडा जागेवर असता तर ब्रॉड स्ट्रीटला दुसरी लाट आली असती, हे व्हाइटहेड यांनीच पुढे दाखवून दिले. तेव्हा दांडा काढण्याने साथ थांबली नाही असे म्हणणारेही बरोबर, आणि त्याने अनर्थ टळला असे म्हणणारेही बरोबर.

इतके होऊनही वरच्या दरबारी निवाडा फिरला नाही. मध्यवर्ती आरोग्य मंडळाच्या वैज्ञानिक समितीने पाण्याविषयीचे स्नो यांचे म्हणणे अमान्य केले. एडविन चॅडविक आणि त्यांच्या पिढीचे सुधारक दुर्गंधीलाच रोग मानत होते. रोग हवेतून येतो ही त्यांची श्रद्धा. लंडनच्या घरांतले मैलखड्डे बंद करून सर्व काही गटारांत आणि गटारांतून टेम्सच्या पात्रात सोडण्याचा उद्योग त्याच श्रद्धेपोटी झाला होता, आणि ती नदी पिण्याच्या पाण्याचीही नदी होती. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाले आणि जोसेफ बॅझलगेट यांच्या भव्य गटारयोजनेला वाट मिळाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये स्नो वारले. चुकीच्या उपपत्तीने योग्य काम करवून घेतल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ. हे त्यांतले मोठे. असो.

घराघरांतली वाहिनी मात्र बॅझलगेटच्या कक्षेबाहेर होती. तिचे रूप पालटले ते कुंभारांनी. लॅम्बेथच्या हेन्री डोल्टन यांनी १८४६ पासून चकाकी दिलेल्या भाजक्या मातीचे नळ काढायला सुरुवात केली. आत गुळगुळीत, छेद गोल, पाणी शोषून न घेणारे. गोल नळात थोडे पाणीही एकवटून वेगाने वाहते. पण नळ कितीही चांगला असला तरी तो दोन-तीन फुटांचा तुकडा. वाहिनी म्हणजे अशा अनेक तुकड्यांची माळ, आणि दोष सांध्याशी. सांधे प्रथम चिकणमातीने, पुढे सिमेंटने भरले जात. मातीला झाडाची मुळे सहज पोखरतात. सिमेंटचा सांधा कडक. घर तसूभर खचले की तो तडकतो. मुळे ओलाव्याच्या मागावर येतात, केसाएवढ्या फटीतून आत शिरतात आणि आत जाडजूड झुबका धरतात. मुळांनी नळ फोडला असे लोक म्हणतात; बहुतेक वेळा फट आधीची असते आणि मुळे नंतरची.

१८७१ साली प्रिन्स ऑफ वेल्स विषमज्वराने मरणाच्या दारात जाऊन परतला. दुखणे स्कारबरो येथील एका सरदाराच्या वाड्यात जडले असे मानले गेले. त्याच मुक्कामातला दुसरा एक अर्ल त्यातच दगावला. गरिबाच्या तळघरातला खड्डा सोळा वर्षांपूर्वी ज्यांना फारसा हलवू शकला नव्हता, त्यांना वाड्यातल्या नळाने हलवले. आता घराची वाहिनी तपासणे हा प्रतिष्ठितांचा छंदच झाला. लीड्सचे शल्यचिकित्सक प्रिजिन टील यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस घरगुती मैलावाहिन्यांच्या दोषांचे एक सचित्र पुस्तक काढले. पानापानावर उभी कापलेली घरे. वरच्या मजल्यावर सुखाने निजलेले कुटुंब आणि भिंतीच्या पोकळीतून त्यांच्या उशाशी पोचणारी गटाराची हवा. गॉथिक कादंबरीच्या अभ्यासकांनी हे पुस्तक एकदा अवश्य चाळावे. त्यात भूत नळातून येते.

तपासणीच्या तेव्हाच्या रीती पाहण्यासारख्या आहेत. एक पिपरमिंटच्या तेलाची. गच्चीवरून नळात तेल आणि पाठोपाठ कढत पाणी ओतायचे, आणि दुसऱ्याने खाली खोल्याखोल्यांतून वास घेत हिंडायचे. जिथे पिपरमिंट दरवळेल तिथे सांधा फुटका. ओतणाऱ्या माणसाने मात्र घरात पाऊल टाकायचे नाही, कारण त्याच्या कपड्यांना लागलेला वास सारा पुरावा बिघडवी. दुसरी रीत धुराची: भात्याच्या यंत्राने नळात धूर कोंबायचा आणि तो कोठून वर येतो ते पाहायचे. तिसरी पाण्याची, आणि सर्वांत कडक: खालचे तोंड बुचाने बंद करून नळ पाण्याने भरायचा आणि पातळी उतरते का ते पाहत बसायचे. जुने नळ या कसोटीला क्वचितच उतरत.

इथून आपल्याकडे वळण्याचे कारण आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला, तेव्हा महापालिकेच्या कारभाऱ्यांनी याच इंग्रजी विद्येचा आधार घेतला. गटारे आणि मोऱ्या समुद्राच्या पाण्याने धुऊन काढल्या, कार्बोलिक ओतले, भिंतींना चुना फासला. तेव्हाच्या म्युनिसिपल कमिशनरांचे आडनावही स्नोच होते, हा निव्वळ योगायोग. पण प्लेग गटाराच्या हवेतून येत नव्हता. तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून येत होता, आणि हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले. सोहोत मोरी दोषी होती तेव्हा हवेला धरले. मुंबईत मोरीचा दोष नव्हता तेव्हा मोरीलाच धरले. त्या चाळींच्या मागच्या हाऊस गल्ल्यांत टोपलीच्या संडासांची साफसफाई करीत हिंडणारे भंगी बांधव या साऱ्या अहवालांत ‘व्यवस्था’ या सदराखाली येतात, माणसे म्हणून फारसे येत नाहीत. हाताने मैला साफ करवून घेण्यावर भारतात १९९३ मध्ये आणि अधिक व्यापकपणे २०१३ मध्ये कायद्याने बंदी आली. मॅनहोलमध्ये उतरून गुदमरून मेल्याच्या बातम्या त्यानंतरही आपण वाचत आलो आहोत.

आजचा कारागीर पिपरमिंट वापरीत नाही. तो चेंबर उघडून चाकांवरचा किंवा लवचीक दांड्यावरचा कॅमेरा आत सारतो आणि पडद्यावर तडा, सरकलेला सांधा, मुळांचा झुबका, पाणी साचून राहिलेला खोलगट भाग असे एकेक निरखीत अंतर लिहून घेतो. तरीही कॅमेरा नळ आतूनच पाहतो. बाहेरची माती वाहून गेली असेल तर तिची पोकळी त्याला दिसत नाही. ती तळाच्या ओळंब्यावरून, जमिनीवर पडलेल्या खळगीवरून ताडावी लागते. म्हणून जाणता माणूस रंगीत पाणी सोडूनही पाहतो आणि घरच्यांना विचारतो, पाणी तुंबते ते पावसाळ्यात की बारा महिने. पावसात तुंबत असेल तर बाहेरचे पाणी आत येते आहे, आणि जिथून आत येते तिथून आतले बाहेरही जाते.

दुरुस्तीची नवी रीतही लंडनचीच. १९७१ मध्ये एरिक वुड यांनी हॅकनी भागातल्या एका जुन्या विटांच्या गटारात राळेत भिजवलेली नमद्याची नळी आत घातली. ती आतल्या भिंतीला चिकटून कडक झाली आणि जुन्या गटाराच्या आत नवे गटार तयार झाले. रस्ता खणावा लागला नाही. ज्या तऱ्हेच्या विटा यॉर्कने एकेक करून हाताने काढल्या होत्या, तशा विटांना आता हात न लावताच अस्तर चढू लागले. मात्र उतारच चुकला असेल, नळ खचून बसला असेल, तर अस्तरही त्याच खोलगटपणावर चढते. तेथे अजून कुदळच चालवावी लागते.

खर्च कोणाचा, हा वाद यापेक्षा जुनाट. इंग्लंड आणि वेल्समध्ये शेजाऱ्यांच्या सामाईक वाहिन्या आणि कुंपणापलीकडचा नळाचा तुकडा बहुधा घरमालकांच्याच माथी असे. अनेकांना हे नळ तुंबेपर्यंत ठाऊकही नसे. १ ऑक्टोबर २०११ रोजी कायद्याने त्यांतल्या बहुतेक वाहिन्या पाणी-कंपन्यांकडे सोपवल्या. कुंपणाच्या आतला, एकाच घराचा नळ मात्र घरमालकाकडेच राहिला. चाळीस क्रमांकाच्या घराची सपाट तळाची ती मोरी आज असती, तर तिचा घरातला भाग मालकाने आणि रस्त्याखालचा भाग कंपनीने दुरुस्त केला असता. आणि दोन फूट आठ इंचांचे ते अंतर नेमके कोणाच्या हद्दीत, यावर उभयतांचा पत्रव्यवहार चालला असता.