पुष्करचा मेळा : तीर्थ आणि बाजार

‘सांडणीस्वार’ हा शब्द मराठीत आजही जिवंत आहे. सांडणी मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी जवळून पाहिली असेल. पेशवाईच्या काळातील कागदपत्रे चाळताना हा स्वार पानोपानी भेटतो. उत्तरेतील छावणीत काही घडले की सांडणीस्वार निघे आणि त्याच्या थैलीतील मजकुरावर पुण्यातील मसलती ठरत. उंटाच्या पाठीवर बसविलेल्या लहान तोफेला आपल्या लोकांनी ‘शुतरनाळ’ म्हटले. ज्या जनावराने आपल्या भाषेला असे शब्द दिले, त्याचे माहेर थरच्या वाळवंटात आहे आणि त्याचा सर्वांत नामांकित बाजार अजमेरनजीक पुष्कर येथे भरतो. राजस्थानात नेमणूक झालेल्या मराठी माणसाने हा मेळा पाहावा तो केवळ कौतुकापोटी नव्हे. या भूमीशी आपल्या इतिहासाचा जो संबंध आला, त्याच्या खुणाही तेथे आहेत.

अजमेर आणि पुष्कर यांच्यामध्ये नागपहाड आडवा आहे. तो घाट ओलांडला की सरोवराभोवतीचे गाव दिसते व त्यापलीकडे वाळूच्या टेकड्या सुरू होतात. मेळ्याची पुण्यतिथी कार्तिकी पौर्णिमा. एकादशीपासून पौर्णिमेपर्यंतचे पाच दिवस स्नानाचे. जनावरांचा बाजार मात्र त्याआधीच भरू लागतो आणि यात्रेकरूंची खरी दाटी होईपर्यंत बराचसा उलगडलेलाही असतो.

हा मुहूर्त पंचांगाने दिला असला तरी तो शेतकऱ्याच्या व धनगराच्या हिशेबाशी नेमका जुळतो. पावसाळा सरलेला, खरिपाचे धान्य घरात आलेले, म्हणून हातात चार पैसे असतात. रब्बीच्या पेरणीसाठी बैल हवा असतो. पावसाळ्याच्या चाऱ्यावर जनावर अंगाने भरलेले असते आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत चारा पुरणार नाही, हे जाणून मालक जादा जनावर विकायला काढतो. उंटांचा माजाचा हंगामही हिवाळ्यातच येतो. मारवाडातील इतर मोठे मेळे याच रीतीने वर्षभर वाटून दिले आहेत : नागौरचा रामदेवजींचा माघात, तिलवाड्याचा मल्लीनाथांचा चैत्रात, परबतसरचा तेजाजींचा श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास. प्रत्येक बाजाराला एक दैवत आहे. देवाच्या दारी केलेल्या सौद्याला जामीन लागत नाही आणि यात्रेच्या वाटेवर सोबत आपोआप मिळते, ही त्यातील व्यवहारबुद्धी उघड आहे.

पुष्करच्या पुराणकथेतही गोठ्याचा वास आहे. ब्रह्मदेवाने येथे यज्ञ मांडला. सावित्रीला येण्यास विलंब झाला आणि मुहूर्त टळू नये म्हणून गायत्रीला यज्ञपत्नी केले. पद्मपुराणाप्रमाणे ही गायत्री अहिराची, म्हणजे गवळ्याची मुलगी. रागावलेल्या सावित्रीचे देऊळ आजही निराळ्या डोंगरावर आहे. जेथे यज्ञाची यजमानीण गवळ्याच्या घरातून आली, तेथे गुराढोरांचा बाजार परका वाटण्याचे कारण नाही.

आता राज्यकर्त्यांकडे वळू. जहांगीर बादशहाचा मुक्काम 1613 ते 1616 या काळात अजमेरास होता. पुष्कर येथे वराहाची मूर्ती आपण तळ्यात टाकविली, असे त्याने स्वतःच आत्मचरित्रात नमूद केले आहे. मराठे आले ते पुढील शतकात. मारवाडच्या गादीसाठी रामसिंग व विजयसिंग यांच्यात तंटा लागला. जयाप्पा शिंदे रामसिंगाच्या बाजूने उतरले व त्यांनी विजयसिंगास नागौरात कोंडले. तेथेच जुलै 1755 मध्ये छावणीत त्यांचा दगाफटक्याने खून झाला. दत्ताजी शिंद्यांनी मोहीम सोडली नाही, आणि 1756 च्या तहाने अजमेर शिंद्यांकडे आले. लालसोटच्या लढाईनंतर 1787 मध्ये राठोडांनी ते परत घेतले. 1790 साली पाटण आणि मेडता येथे महादजींच्या कवायती फौजेने राठोडांचा पराभव केला व पुढील वर्षी अजमेर पुन्हा शिंद्यांच्या अमलाखाली गेले. अखेर 1818 च्या तहाने दौलतराव शिंद्यांनी ते इंग्रजांना दिले. स्वातंत्र्यानंतर 1 नोव्हेंबर 1956 रोजी अजमेर राजस्थानात विलीन झाले.

या राजवटीबद्दल राजस्थानच्या मनात कडवटपणा आहे आणि तो निराधार नाही. खंडणीच्या तगाद्याने रजपूत संस्थाने पिळून निघाली होती. तथापि पुष्करात त्या काळाची एक वेगळी खूणही उभी आहे. ब्रह्मदेवाच्या सुप्रसिद्ध मंदिराची आजची वास्तू 1809 साली दौलतराव शिंद्यांचे कारभारी गोकुळ पारख यांनी बांधविली. खंडणी वसूल करणारे व मंदिर उभारणारे एकाच दरबारचे होते, ही गोष्ट इतिहास वाचताना विसरू नये.

या साऱ्या घडामोडींत एक गोष्ट लक्षात येते. मोगल, राठोड, शिंदे, इंग्रज असे एकामागून एक धनी बदलले. जनावराची गरज मात्र प्रत्येकाला होती. तोफखाना ओढायला बैल, रसद वाहायला उंट आणि स्वाराला घोडा लागे. इंग्रजी अमलातही बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांचे उंटदळ सोमालीलँडपर्यंत व पहिल्या महायुद्धात इजिप्तपर्यंत जाऊन आले. सत्ता कोणाचीही असो, जनावर पाळणाऱ्याला गिऱ्हाईक होते.

सरकारी नोकरीतील वाचकाला या मेळ्याचे दप्तरही रंजक वाटेल. बाजाराची व्यवस्था आज राज्याचे पशुपालन खाते पाहते. मेळ्याच्या वाटांवर चौक्या बसतात, ध्वजारोहण होते, विक्रीची ‘सफेद चिट्ठी’ सुरू होते आणि जनावर बाहेर नेण्यासाठी ‘रवन्ना’ मिळतो. ‘रवाना’ होणे आपण रोज बोलतो; त्याच कुळातला हा शब्द माल पुढे नेण्याच्या परवान्यासाठी जुन्या जकातीच्या व्यवहारात रुळलेला होता. राज्ये गेली, परवान्याचे नाव उरले.

परंतु ज्या जनावरासाठी हा कागद फाडायचा, तेच आता दुर्मिळ होत चालले आहे. 1977 च्या सुमारास देशात अकरा लाखांच्या आसपास उंट होते. 2012 च्या पशुगणनेत ते चार लाखांवर आले आणि 2019 मध्ये अडीच लाखांवर. एकट्या राजस्थानात त्या सात वर्षांत संख्या 3.26 लाखांवरून 2.13 लाखांवर उतरली. ट्रॅक्टर व मालमोटार आली, रस्ते झाले, विहिरींवर पंप बसले आणि चराऊ रानांखाली नांगर फिरला. मेळ्यात अलीकडे उंटांहून घोडेच अधिक दिसतात, कारण घोडा हौसेसाठी घेणारा धनिक अजून आहे. उंटाला हौसेचा धनी नाही.

उंटावर ज्यांचे घर चालते ते रायका, म्हणजेच रेबारी. पार्वतीने केलेल्या उंटाची राखण करण्यासाठी शंकराने आपला मूळ पुरुष निर्माण केला, अशी त्यांची श्रद्धा आहे. मादी जातीबाहेर विकायची नाही आणि दूध विकायचे नाही, असा त्यांचा जुना दंडक. म्हणून नर विकून येणारा पैसा हाच संसाराचा आधार होता. राजस्थान सरकारने 2014 मध्ये उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि 2015 मध्ये त्याची कत्तल रोखणारा, परवानगीशिवाय राज्याबाहेर नेण्यास मनाई करणारा कायदा केला. हेतू शुद्ध होता. परिणाम असा झाला की बाहेरचा गिऱ्हाईक आटला, नराचा भाव कोसळला आणि पुढच्या पिढीने कळप ठेवावा कशासाठी, हा प्रश्न प्रत्येक रायक्याच्या घरात उभा राहिला. जहांगिराच्या रोषाने आणि शिंद्यांच्या खंडणीने जे मोडले नाही, ते मायेपोटी केलेल्या कायद्याने खिळखिळे व्हावे, हा मोठाच दैवदुर्विलास होय.

काही वाटा उघडत आहेत. उंटिणीच्या दुधाला अन्न म्हणून अधिकृत मानके लाभली आहेत, आणि 2019 पासून ‘अमूल’ने ते बाटलीतून विक्रीस आणले. दंडक मोडून काही रायके दूध विकू लागले, हे परंपरेचे पतन मानण्याचे कारण नाही. वापराचा मार्ग बदलला तरी वापर टिकणे महत्त्वाचे; निरुपयोगी ठरलेले जनावर केवळ सन्मानावर जगत नाही. आपल्यापैकी जे शासनाच्या सेवेत आहेत, त्यांना यातून घेण्याजोगे एवढेच की जनावराचे रक्षण करताना त्याला पाळणाऱ्याचा विचार आधी करावा लागतो.

कार्तिकात पुष्करास जाणे घडले तर पौर्णिमेची वाट पाहू नये. स्नानाची पर्वणी अवश्य साधावी. पण चार-सहा दिवस आधी जावे, टेकड्यांच्या पायथ्याशी उतरलेल्या तांड्यांत हिंडावे आणि एखाद्या रायक्यापाशी बसून सांडणीचा भाव विचारावा. त्याच्या उत्तरात या प्रदेशाचा तीनशे वर्षांचा जमाखर्च ऐकू येईल.